जिनं आणली तिनं सांगावं

९ जानेवारी २००६, सोमवार

संक्रांतीचे ब्लाऊज डोक्यावर बसले आहेत. लाईन सकाळपासून नाही. पायमशीन मारून मारून डावा गुडघा बोंबलून राह्यला. साळवेकाकूचा ब्लाऊज उसवून पुन्हा शिवला. ती जाड झाली हे तिले सांगण्यापेक्षा माझंच माप चुकलं म्हणणं सोपं.

हे वावरात. कापसाचा तिसरा वेचा. बीटीचं असंच म्हणे, दोनदा भरभरून देते अन् मंग हात वर करते. चार बाया सांगतल्या होत्या, काम दोघींचंच निघालं. दोघी तोंड वाकडं करून घरी गेल्या.

दुपारी दगडूभाऊ आले, मिशनच्या शाळेचे शिपाई. सिस्टर रोजलिननं रविवारी जुन्या पोरींले बोलावलं, सगळ्यांले. काऊन, तं म्हणे मले काय मालूम वो, मी निरोप्या. चहा बी नाही घेतला. दगडूभाऊ अन् चहा नाही?

गॅदरिंगचं असन. मागच्या खेपेले स्टेजचा पडदा माझ्याच गळ्यात पडला होता. यंदा आधीच सांगून टाकते, शिलाई माझी, कापड तुमचं.

१५ जाने., रवि.

गॅदरिंग नव्हतं.

शाळा बंद. या एप्रिलपासून. बोर्डिंग बी बंद. सिस्टर लोक जाणार.

पंधरा-वीस जणी असू आम्ही. शेगावहून कमल आली होती, कडक इस्त्रीची साडी, हातात स्वतःच्या दुकानातले पेढे. आठवीच्या वर्गात बसवलं, त्याच बाकांवर. सगळ्यांचे गुडघे वर येऊन राह्यले होते. हसून राह्यलो होतो आम्ही, तेवढ्यात सि. आली. चष्मा लावून कागद वाचला. पोरी कमी झाल्या, नवीन सिस्टर येत नाहीत, मोठ्या मदरनं ठरवलं, देवाची इच्छा, तुम्हा सर्वांचे आभार. सगळं पुस्तकी मराठीत. केरळची बाई, एकतीस वर्ष आमच्यापेक्षा चांगली वऱ्हाडी झाडली, अन् आज कागदावरून वाचून राह्यली. तेव्हाच समजलं का हे खरं आहे.

मंग कागदाची घडी केली अन् आपल्या बोलीवर आली. "पोरींच्या घरी मी चिठ्ठी नाई पाठवत. बाप चिठ्ठी वाचत नाई. जिनं आणली तिनं सांगावं."

बाया रडल्या. कमल तं हुंदके देऊन. मी नाही रडली. माझ्या डोक्यात एकच, युसूफभाईले काय सांगू.

केक ठेवला होता. कोणी हात लावला नाही. मी दोन तुकडे खाल्ले, रागानं.

१७ जाने., मंगळ.

दोन दिवस मशीनवर बसून नुसती फणफणून राह्यली. यांनी विचारलं काय झालं. म्हटलं काही नाही. ते समजले अन् बाहेर निघून गेले. शहाणा माणूस.

जिनं आणली तिनं सांगावं म्हणे. आणायचा कायदा कोणाचा होता? हिचाच. दहावी झाली, दाखला पाहिजे? आधी एक पोरगी आण, जिच्या घरून आजवर कोणतीच पोरगी पुढं शिकली नाही अशी. बापाले तूच समजव, जबान तूच दे, फाटकातून तिचा हात धरून तूच आत आण. मंग रजिस्टरात बापाच्या नावाखाली सि. आपल्या अक्षरात लिहायची, "हातधरी: सुनंदा". दहावीपर्यंत त्या पोरीचं बरंवाईट हातधरीच्या डोक्यावर.

मले कमलनं आणलं होतं. तीन दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसली, बाबा कंटाळून हाव म्हणाले. मी पहिली आणली ती रेखा. तेवढ्यावर भागलं असतं, पण मले नादच लागला. लग्न झालं, दुकान झालं, तरी दोन-तीन वर्षांनी एखादी पोट्टी धरून नेल्याशिवाय चैन नाही. गावात म्हणत, सुनंदा आली, पोरी लपवा.

शेवटची नजमा. रोहिणखेडच्या युसूफभाईची. त्यांचं पिंजाऱ्याचं काम, गाद्या-रजया भरतात. सातवी करून पोरगी घरी बसवली होती. मागच्या जूनमध्ये चार खेपा मारल्या मी. त्यांचं म्हणणं साधं. पोरगी एसटीनं रोज जाणार नाही, पोट्ट्यांच्या शाळेत बसणार नाही. मी म्हटलं, पोरगी सिस्टरच्या भिंतीआत राहीन. दिवाळीले, ईदले, उन्हाळ्यात घरी. तीन वर्ष द्या मले, दहावी करून तुमच्या हातात देते.

ते म्हणाले, "बाई, मी शाळेले वळखत नाई. तुमाले वळखतो. तुमची जबान असन तं घेऊन जा."

जबान देल्ली मी.

२२ जाने., रवि.

अर्ज लिहिला. दहा जणींच्या सह्या घेतल्या. सह्या काय, सह्या कोणीही देते, पुढाऱ्याच्या दारात बसायले कोणी येत नाही. कमल अन् मी धामणगावले गेलो, तिथल्या एका पुढाऱ्याकडे. अर्ज वाचला नाही, हातात धरून बोलला. "ताई, काऊन चिंता करता. मीच जूनपासून कॉन्व्हेंट काढून राह्यलो. इंग्लिश. टाय राहीन." कोणत्या वर्गापर्यंत? नर्सरी, केजी. नववीवाल्या पोरींचं काय? तं म्हणे, हळूहळू.

म्हणजे नजमाले सांगायचं, बाई, हळूहळू केजीपासून सुरू कर, टाय भेटन.

येताना एसटीत कमलनं एक गोष्ट काढली. म्हणे, आपण एवढं बोंबलून राह्यलो, आपली लेकरं तरी कुठं टाकली आपण सिस्टरकडे? तिच्या दोन्ही पोरी शेगावात इंग्रजी शाळेत. मले तं एकच पोरगा, विकास, त्याचा प्रश्नच नव्हता. पण पोरगी असती तं? माहीत नाही मले. लिहून ठेवते, उत्तर देत नाही.

३ फेब्रु., शुक्र.

बोर्डिंगवर गेली. नजमा कपडे वाळत घालून राह्यली होती. सहा-सात महिन्यांत उंच झाली. जूनमध्ये आणली तेव्हा ओढणीत बोलायची, ओढणीलेच ऐकू जायचं. आता सरळ डोळ्यात पाहून बोलते. हे सि.चं काम आहे, आमचं सगळ्यांचं तिनंच केलं होतं. "मान वर करून बोल, जमिनीले कान नसतात." मले एसटीच्या कंडक्टरसंग सुट्ट्यासाठी भांडायले तिनं शिकवलं. अन् सायकल. साडी खोचून मैदानात मांगून पळायची.

नजमाले सगळं मालूम आहे, पोरींले सांगतलं जानेवारीतच.

"मावशी, अब्बाले सांगतलं का तुमी?"

नाही म्हटलं.

"नका सांगू. मी बी नाई सांगत." अन् बादली उचलून गेली. काऊन नको, ते विचारायले जागाच ठेवली नाही.

गणितात वर्गात पहिली आहे पोट्टी.

११ फेब्रु., शनि.

आज समजलं. समजलं नसतं तं बरं होतं.

लताबाई आल्या होत्या, शाळेच्या कारकून. भाचीच्या लग्नाचा ब्लाऊज. मी पाठीवर टाचण्या लावून राह्यली होती अन् त्या सहज बोलून गेल्या. म्हणे आता काय रडता, बंदचा कागद तं मागच्या मार्चमध्येच आला होता. मी पोच लिहिली ना त्याची.

मागच्या मार्चमध्ये. म्हणजे जूनच्या आधी.

तोंडात टाचण्या होत्या माझ्या. नाही तं काय बोलली असती, देव जाणे.

जूनमध्ये सि.नं आम्हाले बोलावून चहा पाजला होता. यंदा जोर लावा म्हणे, आठवीचा वर्ग भरला पाहिजे. मी विचारलं होतं, युसूफभाई तीन वर्षांची हमी मागतात, देऊ का? तिनं माझ्याकडे पाहून मान हालवली होती. मान! तोंडानं हाव बी नाही म्हटलं. आता समजते काऊन नाही म्हटलं.

केसानं गळा कापणे, वाक्यात उपयोग करा. सातवीत तिनंच दिला होता.

१३ फेब्रु., सोम.

गेली. दुकान बंद करून गेली, भर दुपारी. सि. ऑफिसात खोकी भरून राह्यली होती. बस म्हणाली. बसली नाही.

म्हटलं, "मागच्या मार्चपासून मालूम व्हतं तुमाले?"

"हाव."

काही बहाणा केला असता तं भांडता आलं असतं.

मंग तिनं सांगतलं. कागद आला तशी ती मदरकडे गेली, एक वर्ष मागून घेतलं. मदर म्हणाली वर्ग भरून दाखवा, मंग पाहू. म्हणून आम्हाले गावोगाव पाठवलं. तेवीस पोरी आल्या. तिले वाटलं एवढ्या पोरी पाहून वरचे मांगं हटतीन. नाही हटले. इथल्या तीन सिस्टर आता शहरात इंग्रजी शाळा चालवायले जाणार. तिथं पोरी रांगा लावून उभ्या आहेत म्हणे.

"अन् नाई हटले तं पोरीचं काय, हे तवा इचारलं सोताले?"

तिनं खोक्याची सुतळी बांधली. "एक वर्ष तं शिकली नं थे. नाई आणली असती, तं थे बी नाई."

खरं आहे. म्हणूनच जास्त लागलं.

"सिस्टर, जबान माझी व्हती," मी म्हटलं. "तुमी वापरली. मले इचारलं नाई."

तिनं पाण्याचा गिलास पुढं सरकवला. मी नाही घेतला. या बाईच्या हातचं पाणी मी दहा वर्षाची असल्यापासून पिऊन राह्यली.

निघताना विचारलं, तुमी कोठी? तं म्हणे केरळात, म्हाताऱ्या सिस्टरच्या घरी. तिथं तिची ओळखीची एक बी नाही. तिलेही कोणी विचारलं नाही वाटते. मले कीव आली अन् कीव आली म्हणून अजून राग आला. घरी येऊन भांडे आपटले. विकास म्हणे आई, भांड्यांनी काय केलं.

५ मार्च, रवि.

रोहिणखेड. सांगायलेच गेली होती. रस्ताभर वाक्यं जुळवली. युसूफभाई, असं झालं. युसूफभाई, माझी चूक नाही. युसूफभाई, चूक माझीच.

ते अंगणात रजई भरून राह्यले होते. मुद्दाम खाट टाकली माझ्यासाठी, भाभीनं चहा आणला. कामाचं विचारलं. म्हणे काय काम, बाई. आधी घरोघरी माणूस पाच-दहा किलो कापूस गादीसाठी बाजूले ठेवायचा. पोरीचं लग्न, नवीन गादी. आता कापूस वेचला का उभ्या उभ्या गाडीत, घरात बोंड राहत नाही. वावर पांढरं दिसते अन् घरी वातीपुरता कापूस नाही. फोमची गादी आणतात शहरातून.

मंग आपण होऊन सांगतलं. त्यांच्या थोरल्या भावानं नजमासाठी स्थळ आणलं. जामोदकडचे लोक, पोराचं वेल्डिंगचं दुकान, वय चोवीस. नजमाले चौदा पुरे. भाऊ मांगं लागला आहे, उन्हाळ्यात उरकून टाकू म्हणते.

"मी नाई म्हणलं भाईजानले. म्हणलं, बाईले जबान देल्ली, तीन साल. पोरगी शाळेत हाय तवर कोणी नाव काढू नका." मंग हातातली सुई थांबवली. "शाळेचा बहाणा हाय म्हणून टिकून राह्यलो, बाई. नाई तं भाईजानसमोर मी काय बोलणार. घर त्यायचंच हाय." भाभी दारात उभी होती, पदर तोंडाशी.

अन् मंग विचारलं त्यांनी. "शाळा चालू हाय न बराबर?"

"हाव," मी म्हटलं.

एवढंच. एक शब्द. तोंडातून गेला. भाभीनं पदर खाली केला अन् अजून चहा देऊ का विचारलं.

६ मार्च, सोम.

नजमा काऊन नको म्हणे, ते आता समजलं.

मी काय केलं? सि.नं निदान मान हालवली होती. मी तं तोंडानं हाव म्हटलं.

दिवसभर दोन ब्लाऊज बिघडवले. एकाची बाही उलटी लावली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

२४ मार्च, शुक्र.

शोधून राह्यली. धामणगावची शाळा, मुलंमुली एकत्र, बोर्डिंग नाही. मोताळ्याले तेच. आपल्या घरी ठेवू का, असं यांनीच म्हटलं. घरात अठरा वर्षांचा विकास. युसूफभाईले विचारायचंही तोंड नाही. त्यांच्या जागी मी असती तं मी बी नाही पाठवली असती. विकास गरीब पोरगा आहे, पण कोणाच्या भावाले ते सांगत बसणार.

बुलडाण्याले पोरींचं एक वसतिगृह आहे. आज तिथं गेली. बाई बऱ्या बोलल्या. पोरींचीच शाळा जवळ, भिंत आहे, चौकीदार म्हातारा आहे, मी मुद्दाम पाहून घेतला. जागा एखादी निघन म्हणे जूनच्या शेवटी. फॉर्म देल्ला. मी तिथंच भरायले घेतला. नाव, वर्ग, जन्मतारीख. खाली वडिलांची सही.

मी म्हटलं, हातधरीची चालन का?

त्या म्हणाल्या, कोणाची?

जाऊ द्या म्हटलं.

सही पाहिजे तं युसूफभाईले सांगावं लागते. सांगतलं तं दोन गोष्टी. एक तं ते सही करतीन. नाही तं त्यांचा बहाणा गेला, भाईजान जिंकले, पोरगी जामोदले. बुलडाणं त्यांनी कधी डोक्यात घेतलं नाही, तिथल्या बाईले वळखत नाहीत. वळखतात मले. अन् मी त्यांच्या खाटेवर बसून खोटं बोलली.

फॉर्म पेटीत ठेवला.

२९ एप्रिल, शनि.

निकाल लागला. नजमा आठवीत दुसरी, परीक्षा होताच घरी गेली होती. इंग्रजीनं मारलं.

शाळेचा शेवटचा दिवस. जाणार नव्हती, पण नजमाचा दाखला घ्यायचा होता. सि. टेबलावर दाखले मांडून बसली होती. पोरींचे बाप आले होते, काहींच्या माया, काहींच्या हातधरी. एकेकीचं नाव घेऊन हातात देत होती. रेखा आली होती, माझी पहिली. आता मोताळ्याले नर्स आहे. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, माझी साडी ओली झाली. म्हटलं पुरे वो, तू मोठी झाली आता.

नजमाचं नाव आलं. मी पुढं झाली. सि.नं वर पाह्यलं.

"सांगतलं न तिच्या बापाले?"

"हाव," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जराकसं जास्तच पाह्यलं. तिले खोटं ओळखू येते, शाळेत असताना तं चेहऱ्यावरूनच पकडायची. पण दाखला देल्ला. रजिस्टरात माझी सही घेतली. तिच्याच अक्षरातल्या माझ्या नावापुढं.

जीप आली. बाया जीपले धरून राह्यल्या. सि.नं प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. मी आंब्याखाली उभी राह्यली, गेली नाही. ती माझ्याकडे पाहून हात वर करणार होती, तेवढ्यात कोणीतरी मधात आलं. जीप गेली. बस.

नाही रडली म्हणून घरी येऊन वाईट वाटलं. तिच्यासाठी का माझ्यासाठी, ठरवता नाही आलं.

१४ मे, रवि.

ऊन असं का पत्र्याखाली बसवत नाही. हे बियाण्याच्या रांगेत उभे राहून आले. पुन्हा बीटीच. मी म्हटलं मागच्या साली शिव्या देत होते. तं म्हणे, दुसरं देऊन कोण राह्यलं?

मिशनवरून गेली. फाटकाले कुलूप. दगडूभाऊ आत बाकावर बसून, आता शिपाई नाही, राखणदार. शाळाच नाही तं घंटा कोण वाजवणार, पण सवय जात नाही म्हणे, अकरा वाजले का उठून उभा राहतो. बागेतल्या पपया मले देल्या दोन. कोण खाते इथं.

त्यांले विचारलं, रोहिणखेडचं कोणी आलं होतं का विचारत? नाही म्हणे. मंग थांबून म्हणाले, धामणगावच्या बाजारात तं सगळ्यांले मालूम आहे वो, शाळा बंद झाली. लपून राहण्यासारखी गोष्ट आहे का.

तेच मले समजून नाही राह्यलं. पंधरा दिवस झाले शाळा बंद होऊन. युसूफभाईच्या कानावर गेलंच नसन? गाद्यावाला माणूस, चार गावं फिरते.

नजमाचा निरोप नाही काही. रेखा म्हणे मी जाऊन सांगू का. नको म्हटलं. जिनं आणली तिनं.

२ जून, शुक्र.

वसतिगृहाच्या बाईंले दगडूभाऊच्या पुतण्याच्या एसटीडीवरून फोन लावला. जागा निघाली. २५ तारखेच्या आत फॉर्म पाहिजे, सहीसकट.

उद्या रोहिणखेडले जाते. सांगून टाकते, जे होईन ते.

३ जून, शनि.

गेली नाही. साळवेकाकूची साडी-फॉल होती. साडी-फॉल! स्वतःलेच लाज वाटली लिहिताना.

११ जून, रवि.

युसूफभाईच आले.

दुपारी भाड्याची काळीपिवळी दुकानासमोर थांबली. युसूफभाई, नजमा, अन् मांगून एक दाढीवाले, पांढरे कपडे, हातात छत्री. थोरले भाऊ. मी उठून उभीच राह्यली. पाणी देल्लं. भाईजान दारातल्या खुर्चीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून, पण कान आत.

युसूफभाईनं पिशवीतून कापड काढलं. निळं अन् पांढरं. शाळेच्या ड्रेसचं.

"नववीचा ड्रेस शिवायचा, बाई. जरा मोठाच ठेवा. दहावीपर्यंत पुरला पाहिजे."

मी नजमाकडे पाह्यलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून राह्यली होती.

युसूफभाई मोठ्यानं बोलले, भाईजानले ऐकू जाईन असं. "शाळा सव्वीसलेच उघडते न, बाई?"

 भाईजाननं खुर्ची अर्धी वळवली. मी युसूफभाईच्या डोळ्यात पाह्यलं, तं ते माझ्याकडे नव्हते पाहत, कापडाकडे पाहून राह्यले होते. अंगठ्यानं त्याची घडी सरळ करून राह्यले होते, सरळच होती ती.

"सव्वीसलेच," मी म्हटलं.

भाईजाननं छत्री टेकवली अन् म्हणे, ठीक हाय. उठून बाहेर गेले, काळीपिवळीवाल्यासंग बोलायले.

मंग युसूफभाई हळू आवाजात बोलले. "बाजारात लोकं काय काय बोलतात, बाई. मी कोणाचं ऐकत नाई. तुमचं ऐकतो."

युसूफभाईले मालूम आहे का? मले वाटते मालूम आहे. नाही तं एवढं हळू काऊन बोलले? अन् मालूम असन तं माझ्याकडून काय पाहिजे त्यांले? अन् मालूम नसन तं... तं मंग माझ्यासारखी हलकट बाई नाही.

पेटी दोन हातांवर होती. आत फॉर्म, आत दाखला. काढून समोर ठेवायचा, म्हणायचं इथं सही करा, एवढंच काम होतं. पण भाईजान दारातून दिसून राह्यले होते. मी फॉर्म नाही काढला. टेप काढला.

नजमाचं माप घेतलं. हात वर कर म्हटलं, केले. खांदे, छाती, कंबर, लांबी. दोन बोटं जास्त धरली सगळीकडे. तिची छाती धडधडून राह्यली होती, टेपेले समजत होतं. कानात म्हणाली, "मावशी, काही बी करा." बस एवढंच. मंग बापाच्या मांगं मांगं गेली.

वीस तारखेले ड्रेस न्यायले येतीन.

१३ जून, मंगळ.

ठरवलं आहे. वीसले युसूफभाई एकटे आले तं फॉर्म समोर ठेवते. भाईजान संग असले तं... पुढचं ठरवता येत नाही.

सि.ची खूप आठवण आली आज. शिव्या देण्यासाठीच, पण आली. तिले विचारावं वाटलं, जूनमध्ये तुमी मान हालवली तवा तुमाले बी असंच वाटलं व्हतं का. पत्ता नाही माझ्याकडे. मागितलाच नाही मी.

कापड दोन दिवस टेबलावर पडून होतं. आज कात्री घेतली, खडूनं आखणी केली, पुन्हा झटकली. मंग उठून टोपल्यात पाणी घेतलं अन् कापड भिजत टाकलं. हे बाहेरून आले, पाह्यलं, म्हणे हे काऊन भिजवलं? म्हटलं आकसते, आधी भिजवावं लागते.

टेरीकॉट आहे. टेरीकॉट आकसत नाही.